पॉलिऑल पावडर आणि कणांचा आकार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात वेर्णा, कुंडई, मडकई, तुये इथल्या औद्योगिक वसाहतींतल्या औषध कारखान्यांत मॅनिटॉल आणि सॉर्बिटॉल या पॉलिऑलची, म्हणजे साखरेपासून बनणाऱ्या गोड पावडरींची, नावं रोज कानावर पडतात. गोळीचा मुख्य भराव म्हणून, चघळायच्या गोळीला गोडवा नि गारवा यावा म्हणून, बिनसाखरेच्या मिठाईसाठी या पावडरी लागतात. प्रॉडक्शनमधली मुलं, क्यूसीतले (गुणवत्ता तपासणीतले) केमिस्ट, फार्मसीचे विद्यार्थी आणि हल्ली घरून शुगर-फ्री पदार्थ विकणारे लोकही जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. पुढच्या बहुतेक उत्तरांचं मूळ एकच आहे: कणाचा आकार स्फटिक वाढत असतानाच ठरतो. ग्राइंडर तयार झालेलं मोडतो, त्यापलीकडे त्याच्या हातात फारसं काही नाही.

पॉलिऑल येतात कुठून?

साखरेच्या रेणूवर दाबाखाली, निकेल किंवा रुथेनियमसारख्या उत्प्रेरकाच्या मदतीने हायड्रोजन चढवला की पॉलिऑल मिळतं. ग्लुकोजपासून सॉर्बिटॉल, झायलोजपासून झायलिटॉल, माल्टोजपासून माल्टिटॉल. फ्रुक्टोज घेतलं तर साधारण निम्मं मॅनिटॉल आणि निम्मं सॉर्बिटॉल असं मिश्रण हाती येतं. मॅनिटॉल पाण्यात कमी विरघळतं, म्हणून थंड करताना तेच आधी बाहेर पडतं आणि सॉर्बिटॉल मदर लिकरमध्ये, म्हणजे उरलेल्या द्रावणात, राहतं. एरिथ्रिटॉलची वाट वेगळी आहे. ते यीस्टकडून ग्लुकोज आंबवून घेतात.

कणाच्या आकाराची एवढी काळजी कशाला? विरघळल्यावर सगळं सारखंच ना?

विरघळेपर्यंतच तर सगळं घडतं. टॅब्लेट प्रेसचा हॉपर (पावडर भरायचं नरसाळं) रिकामा होताना पावडर सरळ ओघळते की मध्ये कमान धरून अडकते, हे कणांवर ठरतं. औषधाचे कण १५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि मॅनिटॉल ३०० मायक्रॉनचं असेल तर हॉपरमध्ये दोन्ही वेगळे होऊ लागतात. बॅचच्या सुरुवातीची गोळी आणि शेवटची गोळी यांतलं औषधाचं प्रमाण मग सारखं राहत नाही.

थेट दाबून गोळी करायची तर मॅनिटॉल साधारण १०० ते २०० मायक्रॉनचं लागतं, आणि तेही दाबाखाली नीट जुळणारं. ओलं ग्रॅन्युलेशन करायचं, म्हणजे पावडर ओलवून तिचे दाणे पाडायचे असतील तर ५० मायक्रॉनच्या आसपासचं बारीक चालतं. बिनसाखरेच्या चॉकलेटमध्ये माल्टिटॉल ३० मायक्रॉनच्या खाली दळावं लागतं, नाहीतर जिभेला रवाळ लागतं. दम्याच्या तपासणीसाठी फुफ्फुसात ओढायचं मॅनिटॉल तर ५ मायक्रॉनच्याही खाली. रसायन तेच, वापर संपूर्ण वेगळे.

गारव्याचंही तसंच. ही पावडर विरघळताना तोंडातली उष्णता घेते. एरिथ्रिटॉल ग्रॅमला सुमारे १८० ज्यूल घेतं, झायलिटॉल १५० च्या आसपास, मॅनिटॉल १२० च्या आसपास. बारीक कण झटकन विरघळतात, म्हणून गारवा एकदम जाणवतो. जाड दाण्यात तो हळूहळू येतो.

सप्लायरच्या सर्टिफिकेटवर डी५० बरोबर आहे, तरी गोळ्यांचं वजन हलतं. का?

कारण डी५० हा मधला आकडा आहे. निम्मा माल त्याच्या खाली, निम्मा वर, एवढंच तो सांगतो. तसाच डी१० च्या खाली दहा टक्के माल असतो आणि डी९० च्या खाली नव्वद टक्के. दोन लॉट घ्या, दोन्हींचा डी५० १२० मायक्रॉन. पहिल्याचा डी१० ७० आणि डी९० १९०. दुसऱ्याचा डी१० १५ आणि डी९० ३४०. डी९० मधून डी१० वजा करून डी५० ने भागलं की स्पॅन मिळतो: पहिल्याचा १, दुसऱ्याचा २.७. दुसऱ्या लॉटमधला भुगा दाण्यांच्या मधल्या जागेत शिरतो, पंचांना (गोळी दाबणाऱ्या दांड्यांना) चिकटतो, हॉपरमध्ये कमान धरतो. वजन हलणारच.

खरेदीच्या स्पेकमध्ये फक्त डी५० लिहिलेला असेल तर तो आजच बदलून घ्या. डी१०, डी५०, डी९० तिन्हींना मर्यादा हवी, आणि ७५ मायक्रॉनखालचा माल किती टक्के चालेल तेही लिहून हवं. सोबत बल्क आणि टॅप डेन्सिटी, म्हणजे सैल भरलेल्या आणि ठोकून बसवलेल्या पावडरीची घनता. मला विचाराल तर डी१० सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्रास देणारे कण तिथेच असतात.

स्फटिकीकरणात आकार नेमका कसा हातात ठेवतात?

गरम, जवळजवळ संपृक्त द्रावण थंड होऊ लागलं की लगेच स्फटिक पडत नाहीत. काही अंश ते तसंच अतिसंपृक्त राहतं. या पट्ट्यात नवे स्फटिक आपोआप जन्मत नाहीत, पण आधी असलेले वाढू शकतात. सगळं कसब या पट्ट्यात राहण्यात आहे. पट्टा ओलांडला की द्रावण स्वतःहून पांढरं होतं, लाखो कण एकाच क्षणी जन्माला येतात, आणि त्या बॅचचा आकार तुमच्या हातातून गेलेला असतो. नंतर कितीही हळू थंड करा.

म्हणून पट्ट्याच्या आतच बीज घालतात. बीज म्हणजे त्याच पदार्थाचे, मोजलेल्या आकाराचे बारीक स्फटिक, आणि ते कोरडे न टाकता संपृक्त द्रावणात कालवून. वेळ बरोबर साधली तर साइट ग्लासमधून (भांड्याच्या काचेच्या खिडकीतून) दिसणारं दृश्य ओळखीचं होतं: द्रावण दुधाळ होत नाही, दिव्याच्या उजेडात त्यात चमचमणारे ठिपके फिरतात. टाकलेलं बीज विरघळून दिसेनासं झालं तर तापमान अजून जास्त आहे. सगळं एकदम पांढरं झालं तर उशीर झालाय.

बीज किती घालायचं याचं गणित सोपं आहे, आणि ते पाठ असावं. कणाचं वजन त्याच्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. ५० मायक्रॉनच्या बीजापासून ३०० मायक्रॉनचा दाणा हवा, म्हणजे लांबी सहापट, वजन २१६ पट. १००० किलो माल काढायचा असेल तर सुमारे ४.६ किलो बीज लागेल. आता समजा बीज ५० ऐवजी २५ मायक्रॉनचं आलं आणि वजन तेवढंच घातलं. कणांची संख्या आठपट झाली, आणि दाणा ३०० ऐवजी १५० मायक्रॉनवर थांबला. ऑपरेटरने काहीही चुकीचं केलेलं नसतं. बीजाचा आकार न मोजता बीजाचं वजन ठरवणं ही या कामातली सगळ्यात महागडी सवय आहे.

मग थंड करण्याचा वेग. सुरुवातीला स्फटिकांचा एकूण पृष्ठभाग इतका कमी असतो की द्रावणातून बाहेर येणारा माल बसायला जागाच नसते. म्हणून आधी अगदी सावकाश आणि शेवटी जलद थंड करतात. समजा ६५ अंशांपासून २५ अंशांपर्यंत आठ तासांत यायचं आहे. घन नियमाने, म्हणजे उतार वेळेच्या घनाच्या प्रमाणात ठेवत, गेलात तर चार तास झाले तरी तापमान फक्त ५ अंश उतरलेलं असेल, म्हणजे ६० वर. उरलेले ३५ अंश पुढच्या चार तासांत. नुसतं भांड्याभोवतीच्या जॅकेटला चिल्ड वॉटर लावून सोडून दिलं तर बरोबर उलटं घडतं. सुरुवातीलाच धाडकन उतार, आणि भिंतीवर पापुद्रा.

ढवळण्याचंही भान ठेवा. स्फटिक तळाशी बसू नयेत इतकंच फिरवायचं. इम्पेलर (ढवळणारं पातं) जोरात फिरवला तर तो दाण्यांचे कोपरे उडवतो, आणि प्रत्येक टवका नवं बीज बनतो.

मी साखर कारखान्यात पॅनवर (रस आटवून दाणा काढायच्या भांड्यावर) होतो. तो अनुभव इथे कामाला येईल?

येईल, आणि फार येईल. गोव्याचा एकमेव साखर कारखाना, धारबांदोड्याचा संजीवनी, २०१९-२० पासून गाळप करत नाही, पण तिथे आणि घाटावरच्या कारखान्यांत पॅनवर उभी राहिलेली माणसं गोव्यात आहेत. ग्रेन घेणं म्हणजेच बीज. फॉल्स ग्रेन म्हणजेच मधेच आपोआप जन्मलेले बारीक कण. एस-३० आणि एम-३० या साखरेच्या दाण्याच्या प्रतींमधला फरक जी माणसं बोटांत घेऊन सांगतात, त्यांना कणाचा आकार शिकवावा लागत नाही.

फरक एवढाच की साखरेत पाणी उडवून संपृक्तता वाढवतात, मॅनिटॉलमध्ये बहुतेक वेळा थंड करून. शिवाय औषधी माल म्हटलं की प्रत्येक पायरीची नोंद, सफाईची व्हॅलिडेशन, जंतूंची मर्यादा हे सगळं मागे लागतं.

एवढं कशाला, सरळ दळून चाळलं तर?

दळता येतं, लोक दळतातही. पण मॅनिटॉलचे स्फटिक पाण्यातून सुईसारखे, लांबट येतात. हॅमर मिल किंवा पिन मिलमध्ये ते आडवे तुटतात आणि सोबत भुगा निघतो. ६० आणि १०० मेशच्या मधला, म्हणजे २५० ते १५० मायक्रॉनचा पट्टा हवा असेल तर बराच माल खाली जातो आणि तो पुन्हा विरघळवावा लागतो. वीज, वेळ, आणि दुसऱ्यांदा वाळवण्याचा खर्च.

आणखी एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. जोराने दळलेल्या कणाच्या पृष्ठभागावरची स्फटिकरचना विस्कटते. हा विस्कटलेला थर हवेतली ओल घेतो, पुन्हा स्फटिक होताना ती ओल सोडतो, आणि बंद ड्रममध्ये कण एकमेकांना चिकटतात. दळलेला माल लगेच पॅक करू नये, कोरड्या हवेत मुरू द्यावा, हे त्यामुळे.

बारीकच माल हवा असेल तर मी स्लरीतच, म्हणजे स्फटिक द्रावणात असतानाच, दळण्याच्या बाजूचा आहे. रोटर-स्टेटर मिलमधून स्लरी फिरवायची, मधूनमधून तापमान काही अंश वर-खाली करायचं. वर नेताना भुगा आधी विरघळतो, खाली आणताना तो मोठ्या कणांवर बसतो. धूळही उडत नाही.

स्प्रे ड्राय मॅनिटॉल इतकं महाग का, आणि ते खरंच वेगळं असतं का?

वेगळं असतं. द्रावणाचे थेंब गरम हवेत उडवून ते वाळवतात, आणि प्रत्येक गोल दाणा शेकडो सूक्ष्म स्फटिकांचा बनलेला असतो. तो ओघळतो छान आणि पंचाखाली चुरडून घट्ट गोळी देतो, जे एकसंध स्फटिकाला जमत नाही. किंमत पाणी उडवण्याची आहे. द्रावणातलं सगळं पाणी वाफेने काढायचं, तर सेंट्रीफ्यूजमध्ये ते गाळून काढता येतं त्यापेक्षा खर्च जास्तच. थेंबाचा आकार आटोमायझरच्या (थेंब उडवणाऱ्या यंत्राच्या) वेगावर आणि द्रावणाच्या घट्टपणावर जातो, आणि थेंबावर दाणा.

सॉर्बिटॉलची पावडर मॅनिटॉलच्या पद्धतीने का करत नाहीत?

१०० ग्रॅम पाण्यात २५ अंशांना सॉर्बिटॉल दोनशे ग्रॅमहून जास्त विरघळतं. मॅनिटॉल त्याच्या जवळपासही नाही. एक भाग मॅनिटॉलला सुमारे साडेपाच भाग पाणी लागतं. सॉर्बिटॉलचं अतिसंपृक्त द्रावण मधासारखं घट्ट होतं, त्यात स्फटिक रांगत वाढतात आणि सेंट्रीफ्यूज त्यांना पाकापासून वेगळं करू शकत नाही. स्प्रे ड्रायरमध्ये तर ते भिंतींना चिकटून बसतं.

म्हणून पाणी जवळजवळ पूर्ण काढून वितळलेलं सॉर्बिटॉल बीजासोबत मळतात, वितळबिंदूच्या जरा खाली धरून ठेवतात, घट्ट झालं की फोडतात, दळतात, चाळतात. इथे बीजाचं काम आकारापेक्षा रूप, म्हणजे स्फटिकातली रेणूंची मांडणी, ठरवण्याचं असतं. टिकाऊ रूप गॅमा. ते पूर्ण बनलं नसेल तर पावडर बाजारात जाऊन ओल घेते आणि दगड होते.

क्यूसी म्हणते मॅनिटॉलचं रूप बदललं. रसायन तर तेच आहे!

मॅनिटॉलची तीन निर्जल रूपं आहेत: अल्फा, बीटा, डेल्टा. बीटा सगळ्यात स्थिर. डेल्टा पाण्याचा स्पर्श झाला की बीटाकडे वळतं आणि वळताना कणाचा पृष्ठभाग वाढतो. काही जण ग्रॅन्युलेशनमध्ये याचा मुद्दाम फायदा घेतात. पण ठरवलेलं नसताना हा बदल झाला तर बारीक सुया तयार होतात आणि मोजलेला आकार निरर्थक ठरतो. वितळबिंदूवरून हे सहज कळत नाही. एक्स-रे डिफ्रॅक्शन करून घ्यावं.

पावसाळ्यात ड्रममध्ये ढेप का होते? उन्हाळ्यात तोच माल मोकळा असतो.

हा प्रश्न दर वर्षी मृगापासून चवथीपर्यंत येतो, आणि गोव्यात तो सगळ्यात महत्त्वाचा आहे.

प्रत्येक पावडरीची आर्द्रतेची एक रेषा असते. हवा त्याहून दमट झाली की पावडर पाणी ओढू लागते. सॉर्बिटॉलची रेषा ६५ ते ७० टक्क्यांच्या आसपास, झायलिटॉलची ८० च्या जवळ, मॅनिटॉल आणि एरिथ्रिटॉलची ९० च्या वर. जुलैत आपल्याकडे सकाळी आर्द्रता ९० च्या घरात असते. म्हणजे सॉर्बिटॉलचा ड्रम उघडा टाकून जेवायला जाणं परवडणारं नाही, आणि मॅनिटॉलही तसं पूर्ण निर्धास्त नाही.

ढेप व्हायला सगळी पावडर भिजावी लागत नाही. कणाच्या पृष्ठभागावरचा पातळ थर विरघळतो, रात्री तापमान बदलल्यावर सुकतो, आणि दोन कणांच्या मध्ये पूल उभा राहतो. भुगा जितका जास्त, तितके पूल जास्त. म्हणजे ही ढेपसुद्धा पुन्हा क्रिस्टलायझरकडेच बोट दाखवते.

गोदामात तीन गोष्टी तपासा. पहिली, माल ड्रायरमधून काढून गरमच बंद केला होता का? गरम पावडर बंद पिशवीत थंड होताना आतल्या आत घाम सोडते. खोलीच्या तापमानाजवळ आल्याशिवाय पिशवीचं तोंड बांधू नये. दुसरी, ड्रम पत्र्याच्या भिंतीला टेकून आहेत का? दिवसा तापणारी आणि रात्री गार होणारी बाजू ओल एका कडेला ढकलते. ढेप नेहमी त्याच बाजूला सापडेल. तिसरी, एसी खोलीतला ड्रम सरळ बाहेर आणून उघडता का? बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असताना दवबिंदू २७ अंशांच्या आसपास असतो. २२ अंशांची पावडर उघडलीत की तिच्यावर दंव पडणारच. ड्रम बंद ठेवूनच बाहेरच्या तापमानाला येऊ द्या.

आणि एसी म्हणजे डिह्युमिडिफायर नव्हे. एसी हवा थंड करतो, पण खोलीतली सापेक्ष आर्द्रता तरीही ६५-७० टक्के राहू शकते. सॉर्बिटॉलच्या चाळणी आणि पॅकिंग खोलीला सिलिका जेल चाकाचा डिह्युमिडिफायर लागतोच. यावर पैसे वाचवू नका.

चाळणीचा रिपोर्ट आणि लेझरचा रिपोर्ट जुळत नाही. कोणता खरा?

दोन्ही. सुई चाळणीच्या भोकातून उभी निसटते, म्हणून चाळणी तिची जाडी मोजते. लेझर तिला वेगवेगळ्या बाजूंनी पाहतो आणि गोल मानून आकडा देतो. लेझरमध्ये कोरडी पावडर हवेच्या दाबाने उडवताना दाब जास्त ठेवला तर नाजूक दाणे तिथेच फुटतात. दाब बदलून आकडा कुठे स्थिर राहतो ते आधी पाहा. ओल्या पद्धतीत पाणी अर्थातच चालणार नाही, पदार्थ न विरघळणारा द्रव हवा. आणि दोन्हींच्या आधी चिमूटभर माल मायक्रोस्कोपखाली बघा. सप्लायरशी बोलताना पद्धत लिहून ठरवा, नुसता आकडा नको.

या पावडरीला खरंच स्फोटाचा धोका आहे?

आहे. बारीक धूळ हवेत उडाली, बंद जागा मिळाली आणि ठिणगी पडली तर ती पेटते. ७ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेत जॉर्जियातल्या पोर्ट वेंटवर्थ इथे इंपीरियल शुगरच्या कारखान्यात साखरेच्या धुळीचा स्फोट झाला आणि १४ कामगार गेले. पॉलिऑलची धूळ त्याच जातीची आहे. पहिला लहान स्फोट तुळयांवर, दिव्यांच्या टोप्यांवर साचलेली धूळ झटकतो आणि दुसरा मोठा स्फोट त्या धुळीचा होतो. म्हणून उंचावरची सफाई ही शोभेची गोष्ट नाही. सिफ्टर (चाळणी यंत्र), एफबीडी (हवेने पावडर उचलून वाळवणारा ड्रायर), मोठ्या बॅगा या सगळ्यांना अर्थिंग हवं आणि ते मीटर लावून तपासलेलं हवं. झाडू किंवा कॉम्प्रेस्ड हवेने धूळ उडवू नका, योग्य व्हॅक्यूम वापरा. कामगाराला हे त्याच्या भाषेत, कारणासकट सांगा. गोव्यात ती भाषा कोंकणी, मराठी, कन्नड, हिंदी यांपैकी कोणतीही असेल.

इस्पितळात मॅनिटॉलच्या बाटलीत स्फटिक दिसले. माल खराब आहे का?

२० टक्क्यांचं द्रावण खोलीच्या तापमानाला संपृक्ततेच्या काठावर असतं, थंड एसी वॉर्डमध्ये त्यातून स्फटिक पडू शकतात. लेबलवरच्या सूचनेप्रमाणे गरम करून विरघळवतात आणि शरीराच्या तापमानाला आणून, फिल्टर लावून देतात. विरघळले नाहीत तर बाटली वापरायची नाही. निर्णय तिथल्या डॉक्टरांचा आणि फार्मासिस्टचा.

एरिथ्रिटॉल घालून बेबिंका (गोव्याचा थरांचा गोड पदार्थ) केली. दुसऱ्या दिवशी दाताखाली कचकच लागते, आणि थरांना रंगही येत नाही.

कचकच म्हणजे स्फटिकीकरणच, तुमच्या भांड्यात झालेलं. एरिथ्रिटॉल गरम असताना भरपूर विरघळतं, थंड झाल्यावर तेवढं विरघळून राहू शकत नाही आणि जाड दाणे बनून बाहेर येतं. दळून घातलं तर सुरुवातीला बरं लागतं, पण पूर्ण विरघळल्यावर मूळ आकाराचा काही संबंध उरत नाही. थोड्या भागाऐवजी माल्टिटॉल वापरलं तर स्फटिक अडतात. रंग न येण्याचं कारण असं की नारळाच्या दुधातल्या आणि अंड्यातल्या प्रथिनांशी साखर जशी तापल्यावर रंग धरते तसं पॉलिऑल करत नाही. औषधांत याच गुणामुळे काही संवेदनशील औषधांसाठी लॅक्टोजऐवजी मॅनिटॉल निवडतात. विकणार असाल तर लक्षात ठेवा: पदार्थात १० टक्के किंवा जास्त पॉलिऑल असेल तर पोट सैल होण्याची सूचना लेबलवर द्यावी लागते.

आणि झायलिटॉल वापरत असाल तर कुत्र्यांपासून लांब ठेवा. त्यांना ते अगदी थोडंही घातक ठरतं, रक्तातली साखर झपाट्याने उतरते. सांडलेली पावडर अंगणात झाडून टाकू नका.

छोट्या प्रमाणावर सुरुवात करायची आहे. आधी काय घ्यावं?

ग्राइंडर नको. दोन-तीन लिटरचं जॅकेट असलेलं काचेचं भांडं, तापमानाचा उतार प्रोग्राम करता येणारा सर्क्युलेटर, साधा मायक्रोस्कोप आणि ६०, १००, २०० मेशच्या चाळण्या. पदार्थ मॅनिटॉलच घ्या. तो ओल कमी घेतो आणि चुका स्पष्ट दाखवतो. पहिल्या बॅचेस बीज न घालता करा आणि द्रावण कोणत्या तापमानाला आपोआप पांढरं होतं ते वहीत लिहा. ते तापमान आणि विरघळण्याचं तापमान यांच्या मधला पट्टा कळला की बीज त्याच्या वरच्या अर्ध्या भागात घाला. प्रत्येक बॅचच्या बीजाचा आणि मालाचा मायक्रोस्कोपखालचा फोटो शेजारी शेजारी चिकटवा. मोठं यंत्र कोणतं घ्यायचं ते त्या वहीवरून ठरवा.